पाचवा माणूस

शाळेच्या ऑफिसात काओली लोरच्या टेबलासमोर दोन खुर्च्या असत. एक उशिरा येणाऱ्या पोरांसाठी, दुसरी आयांसाठी. हजेरी लिहायची, न आलेल्या पोरांच्या घरी फोन लावायचा, गुडघा खरचटला तर बर्फाची पिशवी द्यायची, एवढंच खरं तर तिचं काम. पण फ्रेझ्नोच्या त्या दक्षिण टोकाला, द्राक्षमळे आणि फळं भरायच्या शेडींच्या मधल्या वस्तीत, सगळ्यांना ठाऊक झालं होतं की बाळंतपणाच्या सरकारी रजेचा फॉर्म भरायचा तर शाळेतल्या काओलीकडे जायचं.

तिला कुणी शिकवलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी एका बाईचा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला म्हणून ती बाई ऑफिसातच रडायला लागली, तेव्हा काओलीने तो हातात घेतला, आणि मग घेतच गेली. आईचं अंग सावरायची रजा वेगळी आणि बाळाजवळ राहायची रजा वेगळी, पहिली संपते त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून दुसरी लावायची, फॉर्ममधला डॉक्टरचा भाग आपण होऊन कधीच जात नाही, दवाखान्यात जाऊन उभं राहावं लागतं, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. राज्याच्या त्या ऑफिसचा फोन सकाळी आठच्या ठोक्याला लावला तरच माणूस मिळतो, आठ वाजून दोन मिनिटांनी लावला तर एक गोड आवाज ‘नंतर प्रयत्न करा’ म्हणतो आणि फोन कापतो, हेसुद्धा.

“ही ओळ बघ,” ती समोरच्या बाईच्या पगाराच्या चिठ्ठीवर बोट ठेवून सांगायची. “दर पगारातून हे कापतात ना, ते याच्यासाठी. तुझाच पैसा आहे. भीक मागत नाहीयेस तू.”

पीच भरणारी मारिसेला एकदा म्हणाली होती, “बाई, तुमची वेळ येईल तेव्हा तुम्हाला काय, डोळे मिटून भराल.”

“येऊ तर दे वेळ,” काओली हसली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि वेळ काही येत नव्हती.

ती आली तेव्हा काओली तेहतीस वर्षांची होती. तिने आणि चुएने सगळं ठरवून टाकलं. चुए थाओ, तिचा नवरा, ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करायच्या एका दुकानात कामाला होता. दुकान हाकोप नावाच्या म्हाताऱ्या आर्मेनियन माणसाचं, पत्र्याच्या शेडमध्ये, आणि हाताखाली चुए धरून चार माणसं. ऑगस्टच्या शेवटी बाळ व्हायचं होतं. काओली साडेतीन महिने घरी राहणार, आणि ती कामावर गेली की डिसेंबरात चुएने आपली आठ आठवड्यांची रजा घ्यायची. डिसेंबरात दुकानात माशा मारायचं काम असतं. हाकोप स्वतःच दुपारी सोंगट्या मांडून बसतो. चुएने उन्हाळ्यातच त्याच्या कानावर घातलं, तर हाकोप म्हणाला, “डिसेंबर ना? घे की. मी तुझ्या पोराला टोपी आणतो.”

घरात तिसरी होती चुएची आई. लाओसमधून मेकाँग ओलांडून आलेली, आता सत्तरीची. परसात ती बाळंतिणीच्या पाल्याची रोपं लावून तयार होती, पण तिच्या दोन्ही हातांना कंप होता. चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागे. बाळ तिच्याकडे एकटं ठेवायचं नाही, हे तिनेच पहिल्यांदा बोलून दाखवलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला बोलावं लागू नये.

बाळ झालं, मुलगी. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी दारात उभं राहून तिचा जीव घरात बोलावला, अंडी-कोंबडी झाली, नातेवाइकांनी मनगटांवर पांढरे दोरे बांधले. नाव ठेवलं पाहुआ. मग सुरू झाला तो महिना. तीस दिवस बाळंतिणीने गरम भात आणि पाला घालून उकडलेली कोंबडी एवढंच खायचं, गार पाण्याला बोट लावायचं नाही, दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

“तीस म्हणजे तीस,” सासूबाई म्हणाल्या. “माझे निर्वासितांच्या छावणीत बाराच दिवस झाले. अजून हिवाळ्यात हाडं बोलतात.”

दहाव्या दिवशी काओलीने पाहुआला मांडीवर घेऊन स्वतःचा फॉर्म भरला. खरोखरच डोळे मिटून भरावा तसा भरला. चुए शेजारी बसून बघत होता. “परीक्षेत पहिली येणारी पोरगी असते ना, तशी भरतेयस,” तो म्हणाला.

अठराव्या दिवशी पत्र आलं. आधीच्या वर्षातला तुमचा पगार: शून्य. म्हणून मिळणारी रक्कम: शून्य.

काओलीने ते दोनदा वाचलं आणि हसली. “नंबर चुकवला असेल कुणीतरी. होतं असं. उद्या आठला लावते फोन.”

दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला लावलेल्या फोनवर एक्केचाळीस मिनिटांनी एक बाई आली. आवाज थकलेला होता, पण वाकडा नव्हता.

“कुठे काम करता?”

“सरकारी शाळेत. ऑफिसात. सात वर्षं.”

पलीकडे टकटक झाली. मग बाई हळू आवाजात म्हणाली, “ताई, तुमच्या शाळा या फंडात पैसे भरतच नाहीत. बऱ्याच शाळांचं असंच आहे. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर बघा, ती कपात नसेल.”

“असं कसं? मी…” काओली थांबली. ‘मी दुसऱ्यांचे भरते’ हे सांगून काय उपयोग होता?

“तुमच्या माणसाच्या चिठ्ठीवर असेल,” बाई म्हणाली. “त्याला मिळेल. अजून काही मदत करू का?”

काओलीने ड्रॉवर उपसून चिठ्ठ्या काढल्या. पेन्शन होतं, विमा होता, संघटनेची वर्गणी होती. ती ओळ नव्हती. शेकड्याने लोकांच्या चिठ्ठ्यांवर तिने बोट ठेवलं होतं, आणि स्वतःच्या चिठ्ठीत शेवटचा आकडा सोडून तिने सात वर्षांत काही वाचलं नव्हतं.

शाळांच्या मुख्य ऑफिसातल्या माणसाने फोनवर सगळं समजावून सांगितलं. दुखण्याच्या रजा अकरा शिल्लक होत्या, त्या संपत आल्या होत्या. बाकीच्या गेल्या वर्षी सासऱ्यांच्या आजारपणात आणि चार दिवसांच्या अंत्यविधीत गेल्या होत्या. यापुढे तिचा पगार चालू राहील, पण त्यातून बदली आलेल्या बाईचा पगार वजा होईल.

“म्हणजे मला किती उरेल?”

“बदलीच्या बाईंना जवळपास तुमच्याइतकंच देतो आम्ही,” तो म्हणाला, आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण मग तो उगाच म्हणाला, “अभिनंदन हं, मुलगी झाली ना?”

घरभाडं पुढच्या आठवड्यात द्यायचं होतं. दोघं स्वयंपाकघरात हिशेब मांडत बसली. शेवटी चुए म्हणाला, “मग मी आत्ताच घेतो रजा. तू कामावर जा. तुझा पगार सुरू, मला सरकारकडून येईल. डिसेंबरचं आत्ता, एवढंच.”

“आत्ता? टोमॅटोचे ट्रक चालू आहेत. हाकोपकाका काय म्हणतील?”

“बोंबलतील थोडे.”

हाकोप बोंबलला. रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग लागली होती, द्राक्षांचे मागून येत होते, आणि त्या उन्हात दर तिसरा रेडिएटर उकळत होता. “सप्टेंबर? अरे, माझा गळा काप त्यापेक्षा!” तो म्हणाला. मग हातातला पाना टेबलावर ठेवून त्याने तोंड पुसलं. “माझी पोरं झाली तेव्हा मी दुकानातच होतो. बायको अजून ऐकवते. जा. आठ आठवडे म्हणजे आठ हं. नववा नाही.”

चुएचा फॉर्म काओलीने भरला आणि तो एका फटक्यात मंजूर झाला. एवढा बिनतक्रार फॉर्म तिने आजवर पाहिला नव्हता.

चोविसाव्या दिवशी ती शाळेत गेली. डॉक्टर आधी नाही म्हणाली होती, मग काओलीच्या तोंडाकडे बघून तिने सही केली. खरी भीती सासूबाईंची होती. महिन्याला सहा दिवस कमी पडत होते. आदल्या संध्याकाळी काओली त्यांच्यापुढे उभी राहिली तेव्हा म्हातारी पाला निवडत होती. पाल्याची काडी मोडत राहिली.

मग म्हणाली, “शाळा काही कुणाचं घर नाही.”

“काय, आई?”

“दुसऱ्याच्या घरात जायचं नाही, असं आहे. शाळेत कुणी राहतं का? देव्हारा आहे का कुणाचा? नाही ना. मग चालतं.” तिने काडी टाकून दिली. “पायमोजे दोन घाल. आणि गार पाण्याच्या नळाला हात लावलास तर मला कळेल.”

रोज साडेअकराला चुए पाहुआला गाडीत घालून शाळेच्या दारात यायचा, एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात कोंबडीच्या रश्शाचा थर्मास. काओली वह्या-खडूंच्या खोलीत दार लावून बसायची आणि बाळाला पाजत गरम भात गिळायची. बाहेर फोन वाजत राहायचा.

चुएला पहिले चार दिवस काही जमेना. लंगोट उलटा, दूध फार गरम, फार गार. पाचव्या दिवशी पाहुआ त्याच्या छातीवर पालथी पडून झोपली आणि तेव्हापासून तिला दुसरी जागाच आवडेना. त्याच्या बनियनला धुऊनही सोल्डरच्या डागकामाचा वास यायचा, तोच तिला लागायचा. काओली घरी येऊन तिला घ्यायला जायची तर ती मान फिरवून बापाचा आवाज शोधायची.

“फितूर केलीस माझी पोरगी,” काओली म्हणायची.

“तूच फॉर्मवर लिहिलंयस की कारण,” चुए म्हणायचा. “बाळाशी नातं जुळावं म्हणून. सरकारी काम आहे, नीट करतोय.”

ते दिवस चांगले होते. तीन आठवडे.

चौथ्या आठवड्यात हाकोपचा फोन आला. दुकानातल्या बेटोचा हात वेल्डिंग करताना भाजला होता, दीड महिना तरी तो येणार नव्हता. “अर्धा दिवस ये,” हाकोप म्हणाला. “सकाळचा नुसता. पैसे हातात देतो, कुणाला कळायचं नाही.”

चुएने फोनवर हात ठेवून काओलीकडे बघितलं. ती मान हलवत होती. “हातात नाही. उद्या पकडलं तर सगळे परत मागतात, वर दंड. मी डोळ्यांनी पाहिलंय. करायचं तर कळवून करायचं. मग ते फाइल तपासायला घेतात, आणि तपासत असतात तोवर पैसे बंद.”

“आणि पोरगी?” चुए म्हणाला. खरा प्रश्न तोच होता.

“पोरीला घेऊन ये!” पलीकडून हाकोप ओरडला, त्याला सगळं ऐकू येत होतं.

“तेजाबाच्या टाकीशेजारी, काका?”

“बरं. बघतो मी,” हाकोप म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सहाव्या आठवड्यातल्या शनिवारी तो घरी आला. हातात डाळिंबांची पेटी होती, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्या शर्टाकडे बघूनच काओलीला कळलं, हा सहज आलेला नाही. सासूबाईंनी त्याला बसवलं, वाफाळता भात आणि रस्सा पुढे ठेवला. त्यांना हमोंगशिवाय दुसरी भाषा येत नव्हती, आणि पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं त्यांना माहीत नव्हतं. हाकोपने चमचा हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

“माणूस घेतला मी,” तो म्हणाला. “तुझ्या जागी.”

“बेटोच्या जागी, काका.”

“नाही रे. बेटो येईल, हात बरा झाला की. हा वेल्डिंगवाला आहे, तुझ्यासारखा. तो म्हणाला, दोन महिन्यांसाठी येणार नाही, कायमचं द्या नाहीतर चाललो. सात ट्रक उभे होते दारात. पाच जणांना ठेवायची माझी ऐपत नाही. हिवाळ्यात चारसुद्धा जड जातात.” त्याने चमचा खाली ठेवला. “मी तुला ये म्हटलं होतं, चुए.”

“म्हणाला होतात.”

“तू नाही आलास.”

“नाही आलो.”

“काय म्हणतोय तो?” सासूबाईंनी विचारलं. “जेवत का नाही?”

“पोरगी छान आहे म्हणतोय,” चुए त्यांना म्हणाला.

सासूबाई खूश होऊन हाकोपकडे बघून हसल्या. हाकोपने मग तो भात खाल्ला, सगळा, मान वर न करता. जाताना दारात त्याने पाहुआच्या पायाला नुसतं बोट लावलं.

सोमवारी आठच्या ठोक्याला काओलीने फोन लावला, या वेळी दुसऱ्याच एका ऑफिसला, कामगारांच्या हक्कांच्या. रजेवर असलेल्या माणसाची नोकरी काढून घेता येत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तिच्यासमोर बसून गेलेल्या सगळ्या बायका रजा संपवून आपापल्या शेडमध्ये परत गेल्या होत्या.

“तिथे किती लोक कामाला आहेत?” पलीकडच्या तरुणाने विचारलं.

“चार.”

“मालक सोडून?”

“मालक सोडून.”

“नोकरी राखून ठेवायचा कायदा पाच माणसांपासून लागू होतो,” तरुण म्हणाला. “पैशाची रजा फंडात पैसे भरणाऱ्या सगळ्यांना आहे. नोकरीची हमी वेगळी. लोक दोन्ही एकच समजतात.”

तीही एकच समजत होती. ज्या शेडमधल्या बायका तिच्याकडे यायच्या, तिथे दोन-दोनशे माणसं होती. तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

मग तिच्या डोक्यात आलं. “पण आता नवा माणूस घेतला ना! माझा नवरा धरून पाच होतात.”

“तक्रार करून बघता येईल. त्यांनी कोणत्या दिवशी किती माणसं धरायची यावर आहे सगळं. निकाल लागायला वर्ष, दीड वर्ष. काय लागेल ते सांगता येत नाही. फॉर्म पाठवू?”

“पाठवा,” काओली म्हणाली.

फॉर्म आला. संध्याकाळी तिने तो टेबलावर पसरला, पेन काढलं. चुए पाहुआला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होता.

“कुणाविरुद्ध लिहितेयस?” त्याने विचारलं.

“दुकानाविरुद्ध.”

“दुकान म्हणजे हाकोपकाका. अकरा वर्षांपूर्वी मला सोल्डर धरता येत नव्हतं. माझे हात धरून शिकवलं त्यांनी. लग्नात सगळ्यांत आधी आले होते.”

“मग काय करू मी? मला दुसरं काही येत नाही, चुए. मला फॉर्म भरता येतो!” तिचा आवाज चढला तशी पाहुआ दचकली. चुएने तिच्या पाठीवर हात फिरवला.

“तुझी काही चूक नाही,” तो म्हणाला.

त्याने ते रागाने म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. ‘आत्ताच घेतो रजा’ म्हणणारा तो होता, पण तिच्या भरवशावर म्हणाला होता. तिने पेनाला टोपण लावलं. फॉर्म महिनाभर फ्रिजवर राहिला आणि मग जाहिरातींच्या कागदांबरोबर कधी गेला ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

रजेचे उरलेले दोन आठवडे पैसे वेळेवर येत राहिले. नोकरी नव्हती, पण रजा होती. चुएने रेडिएटरची सगळी दुकानं पालथी घातली. हंगाम उतरला होता, सगळे माणसं कमी करत होते. शेवटी संत्र्यांच्या एका शीतगृहात काम मिळालं, तासभर लांब, पहाटे चारला निघायचं आणि संध्याकाळी सातनंतर परतायचं. पगार थोडा कमी. तो निघायचा तेव्हा पाहुआ झोपलेली असायची आणि यायचा तेव्हा पुन्हा झोपलेली.

पाळणाघराचा भाव काओलीच्या पगाराला भिडत होता. म्हणून जे करायचं नाही असं ठरलं होतं तेच झालं. पाहुआ आजीजवळ राहायला लागली. खोलीच्या मधोमध जाड गोधडी अंथरलेली, तिच्यावर बाळ, शेजारी आजी. शेजारची बाई दहाला आणि एकला येऊन दूध पाजायची, लंगोट बदलायची. मधल्या वेळात आजीने बाळाला उचलायचं नाही. साडेअकराला काओली गाडी हाणत यायची, दहा मिनिटं छातीशी घ्यायची आणि पळायची.

पहिला आठवडा वाईट गेला. सकाळी नऊच्या सुमाराला सासूबाईंचा फोन यायचा.

“रडतेय. दाराकडे बघून रडतेय.”

“जवळ झोपा, आई. अंगावर हात ठेवा.”

“ठेवलाय. तिला हा हात नकोय.”

“गाणं म्हणा.”

“कालपासून तेच म्हणतेय.” मग म्हणायच्या, “छावणीत आठ पोरं वाढवली मी, काओली. दोन पाठीवर बांधून नदी ओलांडली.”

“माहीत आहे, आई.”

“उचलू का? बसल्या बसल्या उचलते. पडली तरी गोधडीवरच पडेल.”

“नका, आई. नका उचलू.”

फोनमधून पाहुआचं रडणं ऐकू येत राहायचं. समोरच्या खुर्चीत कुणी ना कुणी बसलेलं असायचं, म्हणून काओली भिंतीकडे तोंड करायची. एकदा तिने फोन बाळाच्या कानाशी धरायला सांगितलं आणि हळू आवाजात हाका मारल्या. पाहुआ क्षणभर गप्प झाली, आणि मग हा तो आवाज नाही हे कळून दुप्पट रडली.

रविवारी चुएला सुट्टी असायची. पहिल्या रविवारी पाहुआ दिवसभर त्याच्या छातीवर पडून होती, तो पाणी प्यायला उठला तरी तिने त्याचं बनियन मुठीत धरून ठेवलं होतं. दुसऱ्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी तिला सर्दी होती, तिला कुणीच नको होतं.

चौथ्या रविवारी त्याने तिला गोधडीवरून उचललं तेव्हा ती रडली नाही. त्याच्या शर्टाचा वास घेतला, तिथे आता संत्र्यांचा आणि गारठ्याचा वास होता. मग मान वळवून तिने खाली बसलेल्या आजीला शोधलं आणि तिच्याचकडे बघत राहिली.

“बरं झालं,” चुए म्हणाला. “सवय झाली तिला.”

काओली तांदूळ निवडत होती. तिने मान हलवली आणि पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळाने चुएने पाहुआला आजीच्या शेजारी अलगद ठेवलं, आणि तो स्वतः गोधडीच्या कडेला, जमिनीवर, आडवा झाला.